दोन दिवसांची मुंबई, मुलांच्या पावलांनी

दिवाळीची सुटी जवळ आली किंवा शनिवार-रविवारला जोडून एखादा सण आला, की पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर अशा शहरांतील अनेक घरांत एक बेत हमखास शिजू लागतो. मुलांना एकदा मुंबई दाखवून आणायची. मग जेवणानंतर कागद-पेन घेऊन यादी केली जाते. गेट वे ऑफ इंडिया, म्युझियम, राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय, तारांगण, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू चौपाटी आणि जमल्यास घारापुरी. दोन दिवसांत दहा ठिकाणे. यादी करणाऱ्यास ती अवघड वाटत नाही, कारण नकाशावर ही सारी ठिकाणे एकमेकांच्या शेजारीच दिसतात.

ही यादी बहुधा आई-वडिलांनी आपल्या लहानपणी पाहिलेल्या मुंबईची असते, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यातील काही मुंबई आता उरलेली नाही. चर्नी रोडचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि दोन-तीन पिढ्यांनी तेथील मासे पाहिले. ते आता बंद झाले आहे. तरीही जुन्या माहितीच्या आधारे लोक तेथवर जातात. लाल रंगाच्या जुन्या डबलडेकर बसगाड्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये निरोप घेतला. त्यांच्या जागी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित दुमजली गाड्या आल्या. त्यांच्या वरच्या मजल्यावर पुढचे आसन मिळवण्याची मौज तीच आहे, वारा मात्र नाही.

यादीतील खरी अडचण याहून वेगळी आहे. प्रौढ माणूस सहलीचे मोजमाप पाहिलेल्या ठिकाणांवर करतो. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या लेखी दोन ठिकाणांमधला प्रवास, रांग, ऊन, भूक आणि पायपीट हाच दिवसाचा मोठा भाग असतो. मुंबईत हा मधला भाग इतर कोणत्याही शहरापेक्षा अधिक खातो. म्हणून या शहरासाठी एक साधा नियम धरून चालावे. दिवसाला एकच मोठे ठिकाण, तेही सकाळी. दुपारी विसावा आणि संध्याकाळी पैसे न लागणारी, मोकळ्या हवेतील एखादी जागा. दहापैकी सहा ठिकाणे खोडताना पालकांना वाईट वाटते, पण त्या सहा ठिकाणांपायी उरलेली चारही धड पाहून होत नाहीत, हा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे.

आधी वार पाहा, मग तारीख ठरवा

मुंबईची सहल बिघडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे साप्ताहिक सुटी. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे भायखळ्याची राणीची बाग, बुधवारी बंद असते. तिच्या आवारालगतचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. घारापुरीची लेणी आणि वरळीचे नेहरू तारांगण सोमवारी बंद. राणीच्या बागेबाबत आणखी एक मेख आहे. बुधवारी सार्वजनिक सुटी आली, तर लोकांच्या सोयीसाठी बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, बंद ठेवली जाते. दिवाळीच्या आठवड्यात बाहेरगावचे पाहुणे नेमके याच गुरुवारी फाटकाशी येऊन उभे राहतात.

त्या तुलनेत फोर्ट भागातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र यांना साप्ताहिक सुटी नाही. वर्षातील मोजके राष्ट्रीय दिवस वा सण वगळता ती उघडी असतात. त्यामुळे सहलीत सोमवार किंवा बुधवार येत असेल, तर त्या दिवशी या दोहोंपैकी एक ठेवावे. दुरुस्तीची कामेही सर्वत्र अधूनमधून निघतात. निघण्याच्या आदल्या दिवशी एक दूरध्वनी करून खात्री करून घेतली, तर मुलाला बंद दारासमोर समजावीत बसण्याची वेळ येत नाही.

शनिवार-रविवारला जोडून रजा मिळणार असेल, तर शुक्रवार-शनिवार ही जोडी अधिक बरी. रविवारी गेट वे आणि राणीची बाग येथे मुंबईकरांचीच एवढी गर्दी असते, की उंचीने लहान असलेल्या मुलास पुढच्या माणसाच्या पाठीखेरीज काही दिसत नाही. शिवाय रविवार हा लोकलच्या मेगाब्लॉकचा वार आहे. रुळांच्या व सिग्नलच्या दुरुस्तीसाठी दिवसाचे काही तास ठरावीक टप्प्यांत गाड्या कमी केल्या जातात किंवा दुसऱ्या मार्गावरून वळवल्या जातात. त्याची घोषणा आदल्या एक-दोन दिवसांत वर्तमानपत्रांतून होते. रविवारी लोकलने जायचे असेल, तर ती बातमी वाचूनच बाहेर पडावे.

ऋतूचे सांगायचे, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. मे महिन्यात सुटी असते, पण दुपारच्या दमट उकाड्यात मुले कोमेजतात. पावसाळ्यात मुंबई पाहण्यासारखी असली, तरी मुसळधार पावसात लोकल आणि रस्ते दोन्ही अडकू शकतात, हे गृहीत धरूनच परतीचे आरक्षण करावे.

नातेवाइकांकडे की लॉजमध्ये?

मुंबईत कोणी ना कोणी नातेवाईक असतोच, आणि तो बहुधा डोंबिवली, कल्याण, बोरिवली किंवा विरारला राहतो. मावशीचा आग्रह मोडवत नाही आणि राहण्याचा खर्चही वाचतो. मात्र डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जलद लोकलनेही तास-सव्वातास लागतो. स्थानकापर्यंतची रिक्षा आणि पुढची पायपीट वेगळी. दोन दिवस रोज ये-जा केली, तर सहलीचे चार-पाच तास डब्यात जातात. तेही सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी उपनगराकडे, म्हणजे नेमके गर्दीच्याच दिशेने.

यावर अनेक कुटुंबे एक मधला मार्ग काढतात, तो शहाणपणाचा वाटतो. पहिली रात्र फोर्ट, भायखळा किंवा दादर परिसरातील साध्या लॉजवर काढावी आणि दुसऱ्या संध्याकाळी मावशीकडे जाऊन तेथून तिसऱ्या दिवशी परतावे. नात्यांचाही मान राहतो आणि शहरही पाहून होते. खोली ठरवताना चित्रांपेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात. स्थानकापासून पायी किती मिनिटे, आणि सकाळी लवकर पोहोचल्यास खोली मिळेल काय? पुष्कळ ठिकाणी खोलीचा ताबा दुपारी बारानंतरच मिळतो. तोवर सामान ठेवून घेण्याची तयारी त्यांनी दाखवली, तरी काम भागते. मोठ्या टर्मिनसवरील सामानघरातही बॅगा ठेवता येतात, पण तेथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. एक लहान कुलूप घरूनच न्यावे. मुलांची ओळखपत्रेही बरोबर असू द्यावीत, कारण अनेक लॉजवाले ती मागतात.

जाण्याचा प्रवास हीच पहिली मौज

पुण्याच्या मुलांसाठी डेक्कन क्वीन ही स्वतःच एक प्रेक्षणीय वस्तू आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेली ही गाडी सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते आणि साडेदहाच्या सुमारास मुंबईत पोहोचते. तिला जोडलेला भोजनाचा डबा आता फार दुर्मिळ झाला असून त्यात बसून न्याहारी करणे मुले पुढे कितीतरी दिवस सांगत राहतात. नाशिककरांना सकाळची पंचवटी एक्स्प्रेस सोयीची, तर कोल्हापूरकरांना रात्रीची महालक्ष्मी. मात्र महालक्ष्मी सकाळी लवकर मुंबईत उतरवते. अर्धवट झोपेतील मुलाला घेऊन त्या वेळी कोठे जायचे, याचे उत्तर आधीच ठरलेले असावे.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. दिवाळीच्या गाड्या पहिल्या काही दिवसांतच भरतात, हे पाहता तारीख ठरताच आरक्षण करणे इष्ट. पाच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाच्या मुलासाठी अर्धे तिकीट असा समज अजून पक्का आहे, पण एप्रिल २०१६ पासून आरक्षित जागा हवी असल्यास पूर्ण भाडे द्यावे लागते. चेअर कार व सेकंड सिटिंगसारख्या बसून जाण्याच्या आरक्षित डब्यांत तर जागेविना अर्धे तिकीट हा पर्यायच नाही. चौघांचा हिशेब करताना येथेच पहिली चूक होते.

एस.टी.चा हिशेब याहून वेगळा पडतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहेच. त्याशिवाय मार्च २०२३ पासून राज्यात सर्व महिलांना एस.टी.च्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. आई आणि दोन मुले मिळून दीड तिकिटात प्रवास करतात. काटकसरीने सहल करणाऱ्या कुटुंबासाठी ही मोठी बचत आहे. द्रुतगती मार्गावरील वाहतूक कोंडीची मात्र हमी कोणी देऊ शकत नाही. गाडी लागणाऱ्या मुलांनाही घाटात बसपेक्षा रेल्वे बरी.

पहिला दिवस : फोर्टातच राहा

मुंबईत उतरल्यावर लगेच टॅक्सीत बसू नये. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर येऊन समोरच्या पदपथावरून ती इमारत मुलांना पाहू द्यावी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आखलेली ही वास्तू १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २००४ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. इतिहासाची व्याख्याने येथे टाळावीत. भिंतींवर किती प्राणी सापडतात ते मोजायला सांगावे. मोर, माकडे, सरडे आणि पाणी बाहेर टाकणारी विचित्र तोंडे शोधण्यात पंधरा मिनिटे सहज जातात. ज्या जागेच्या आसपासहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे ३४ किलोमीटरची पहिली आगगाडी निघाली, तेथे आपण उभे आहोत, एवढे एक वाक्य पुरे.

दिवसाचे मोठे ठिकाण म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२२ मध्ये खुले झालेल्या या इमारतीचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देतो. संग्रहालय प्रचंड आहे आणि संपूर्ण पाहण्याचा हट्ट धरला, तर मोठी माणसेही थकतात. लहान मुलांसह गेल्यास तीन गोष्टी पुरेशा. पशुपक्ष्यांचे नैसर्गिक इतिहासाचे दालन, शस्त्रास्त्रांचे दालन आणि आवारातील मुलांसाठीचे स्वतंत्र संग्रहालय. शस्त्रांच्या दालनात अकबर बादशहाचे चिलखत आहे. ते पाहून ‘हे घालून चालायचा कसा?’ हा प्रश्न बहुतेक मुले स्वतःच विचारतात. मुलांचे संग्रहालय २०१९ मध्ये सुरू झाले. तेथे हात लावू नका असे सतत सांगावे लागत नाही, ही पालकांसाठीही विश्रांतीच आहे. दीड-दोन तासांनी बाहेर पडावे. मूल आणखी थांबू म्हणाले, तरीही.

बाहेर पडल्यावर पाच मिनिटांच्या अंतरावर काळा घोडा आहे. आणि येथूनच या दोन दिवसांना मुलांच्या दृष्टीने एक धागा मिळतो. येथे पूर्वी काळ्या घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्ड राजाचा पुतळा होता. १९६५ मध्ये तो येथून हलवला गेला. चौकाचे नाव मात्र काळा घोडाच राहिले. २०१७ मध्ये तेथे नवा काळा घोडा बसवण्यात आला, पण त्याच्या पाठीवर स्वार नाही. मग जुना घोडा आणि त्याचा राजा कोठे गेले? उत्तर उद्यावर ठेवावे. ज्या मुलास संग्रहालय कंटाळवाणे वाटले असेल, तेही रात्री हा प्रश्न पुन्हा काढते.

दुपारी खोलीवर जाऊन दोन तास झोप. हा भाग पालकांना सर्वांत जड जातो, कारण मुंबईत येऊन झोपायचे कसले, असे वाटते. पण संध्याकाळची चौपाटी या दोन तासांवर अवलंबून आहे. पाचनंतर गेट वे ऑफ इंडिया पाहून, किंवा ते दुसऱ्या दिवशी ठेवून, मरीन ड्राइव्हवर जावे. चर्चगेटजवळ के. रुस्तम या जुन्या दुकानात दोन पातळ वेफरांमध्ये आइस्क्रीमचा चौकोन ठेवून देतात. तो वितळण्याआधी खाण्याची शर्यत मुलांना चौपाटीच्या भेळेइतकीच आवडते. दिवे लागेपर्यंत कठड्यावर बसावे. कठड्यापलीकडच्या काँक्रीटच्या त्रिकोणी ठोकळ्यांवर मुलांना उतरू देऊ नये. ते निसरडे असतात आणि भरतीच्या वेळी लाट कोठून येईल याचा नेम नसतो.

फोर्ट भागात लहान अंतरांसाठी टॅक्सी महाग, ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. फेब्रुवारी २०२५ च्या दरवाढीनंतर काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या टप्प्याचे भाडे ३१ रुपये झाले, तर मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे १० आणि वातानुकूलित बसचे १२ रुपये झाले. चौघांच्या कुटुंबासाठी दीड किलोमीटरच्या प्रवासात फरक फारसा उरत नाही. रिक्षा मात्र या भागात शोधू नये. वांद्रे आणि शीवच्या अलीकडे रिक्षांना परवानगीच नाही.

दुसरा दिवस : भायखळ्याचा हत्ती

टर्मिनसवरून धीम्या लोकलने भायखळा हे तिसरे स्थानक. दहा मिनिटांचाही प्रवास नाही. मुलांना लोकल दाखवायचीच असेल, तर ती या टप्प्यावर दाखवावी. सकाळी या दिशेची गाडी शहराबाहेर जाणारी असल्याने बसायला जागा मिळते.

राणीची बाग १८६२ मध्ये व्हिक्टोरिया गार्डन म्हणून खुली झाली. सकाळी उघडताच आत जावे. प्राणी त्या वेळी हालचाल करीत असतात, दुपारी ते सावलीत निजतात. पेंग्विन हे येथील मोठे आकर्षण. दक्षिण कोरियाहून आणलेले हम्बोल्ट जातीचे हे पक्षी मार्च २०१७ पासून लोकांना पाहता येऊ लागले. मुंबईच्या उकाड्यात पेंग्विन जगतात कसे, हा प्रश्न मुले विचारतीलच. हम्बोल्ट पेंग्विन बर्फाळ प्रदेशातले नाहीत. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यालगत वाहणाऱ्या थंड सागरी प्रवाहाच्या आधाराने ते राहतात. येथे त्यांच्यासाठी काचेआडचे दालन यंत्रांनी थंड ठेवले जाते. पेंग्विन कक्षापुढे रांग लागत असल्याने प्रथम तिकडे जावे, वाघ आणि पाणघोडा नंतर.

मग कालचा प्रश्न. काळा घोडा आणि त्याच्यावरचा राजा येथेच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहेत. त्यांच्याहूनही रंजक कहाणी जवळच उभ्या असलेल्या दगडी हत्तीची. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. त्याला पाहूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडण्यात आले. जोडाच्या रेषा मुलांना शोधू द्याव्यात. १८७२ मध्ये खुले झालेले हे संग्रहालय मुंबईतील सर्वांत जुने. आतील जुन्या मुंबईच्या मातीच्या प्रतिकृती व बाहुल्यांसारख्या मूर्ती लहान मुलांना समजतात, कारण त्या त्यांच्याच उंचीच्या जगातल्या वाटतात.

दहा-बारा वर्षांपुढील मुलांना प्राण्यांपेक्षा यंत्रांत रस असेल, तर दुसऱ्या दिवशी राणीच्या बागेऐवजी नेहरू विज्ञान केंद्र ठेवावे. १९८५ पासून हे केंद्र सुरू आहे. बटणे दाबून, दोर ओढून, आरशांत पाहून करण्याचे प्रयोग आणि अंगणातील जुने इंजिन व लढाऊ विमान यांत अर्धा दिवस संपतो. तेथे पोहोचणे आता सोपे झाले आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली असून तिच्यावर विज्ञान केंद्राच्या नावाचेच स्थानक आहे. सरकते जिने, आपोआप उघडणारे दरवाजे आणि जमिनीखालचे स्थानक हे ग्रामीण भागातून आलेल्या मुलांसाठी केंद्राआधीचेच एक प्रदर्शन आहे. एका दिवसात विज्ञान केंद्र आणि राणीची बाग दोन्ही करू नये.

घारापुरीचा मोह

हत्तीची गोष्ट ऐकल्यावर मुले बेटावर जायचे म्हणणार. आठ वर्षांखालील मुले बरोबर असतील, तर दोन दिवसांच्या सहलीत घारापुरी टाळावी, असे स्पष्टच सांगितले पाहिजे. गेट वेहून बोटीने सुमारे तासभर, धक्क्यापासून चाल, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, आणि हाच प्रवास उलट. ऊन आणि खाऊ हिसकावणारी माकडे वेगळी. थोरल्या मुलांसाठी मात्र सुमारे वीस फूट उंचीच्या त्रिमुखी शिवमूर्तीसमोर उभे राहणे हा विसरता न येणारा अनुभव आहे. तेव्हा तो दिवस फक्त घारापुरीचा ठेवावा. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे प्रवेशशुल्क लागत नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून झालेल्या दुर्घटनेत लहान मुलांसह अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर जीवरक्षक जाकिटांबाबत कडक धोरण स्वीकारण्यात आले. बोटीवर चढताच जाकीट मागून घ्यावे आणि ते मुलाच्या मापाचे आहे ना, हे पाहावे. मोठ्या माणसाचे जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते. मुलाच्या मापाचे जाकीट नसेल किंवा बोट खच्चून भरली असेल, तर पुढच्या बोटीची वाट पाहावी. तिकीट काढले आहे म्हणून चढणे योग्य नव्हे.

गर्दीत हात सुटला तर

मुंबईकर आपल्या मुलांना लहानपणीच एक गोष्ट शिकवतात, ती पाहुण्यांनीही घरून निघण्यापूर्वी शिकवावी. आपण फलाटावर राहिलो आणि आई-बाबा गाडीतून पुढे गेले, तर आहे तेथेच उभे राहायचे. पुढच्या गाडीत चढायचे नाही. आपण गाडीत आणि ते फलाटावर राहिले, तर पुढच्या स्थानकावर उतरून तेथेच थांबायचे. पालकांनीही हेच पाळायचे असते. दोघेही एकमेकांना शोधत फिरू लागले, की चुकामूक वाढते. लोकल स्थानकावर अर्ध्या मिनिटाच्या आसपासच थांबते. चढताना एक मोठे माणूस पुढे, मुले मध्ये आणि दुसरे मागे, उतरतानाही तसेच. सामान हातात असेल, तर लोकलचा विचारच करू नये.

बारा वर्षांखालील मुलगा आईबरोबर महिलांच्या डब्यातून जाऊ शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वातानुकूलित लोकलचे दरवाजे आपोआप बंद होत असल्याने मुलांसाठी त्या अधिक सुरक्षित, पण त्यांचे तिकीट वेगळे असते. साध्या लोकलच्या तिकिटावर चढल्यास दंड होतो. सकाळी आठ ते अकरा शहराकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उपनगराकडे मुलांना घेऊन साध्या लोकलने जाऊ नये. मुंबईकरही शक्यतो जात नाहीत.

रोज सकाळी निघताना मुलाचे, त्या दिवशीच्या कपड्यांसह, भ्रमणध्वनीवर एक छायाचित्र काढून ठेवावे. घाबरलेल्या आईला मुलाच्या सदऱ्याचा रंगही आठवत नाही. खिशात दोन्ही पालकांचे क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असावी. मूल दिसेनासे झाल्यास स्वतः शोधण्यात वेळ न दवडता स्थानकावर रेल्वे सुरक्षा दलास, बाहेर जवळच्या पोलिसास सांगावे. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक देशभर चालतात. रेल्वेत १३९. सहा वर्षांपुढील मुलास आईचा क्रमांक पाठ असायलाच हवा. तो आठवडाभर आधी गाण्यासारखा म्हणून घ्यावा.

खाणे, पाणी आणि एक न बोलला जाणारा विषय

सहलीत मुलांचे पोट बिघडते ते बहुधा पाण्याने आणि उघड्यावरच्या बर्फाने. पाणी घरचे किंवा बंद बाटलीतले असावे. वडापाव खुशाल खावा, पण गरम घाणा निघत असलेल्या गाडीवर. बर्फाचा गोळा आणि कापून ठेवलेली फळे टाळावीत. दादरला मुक्काम असेल, तर शिवाजी पार्क परिसरात आस्वाद, प्रकाश यांसारख्या मराठी उपाहारगृहांत थालीपीठ, पीयूष, साबुदाणावडा असे मुलांच्या ओळखीचे पदार्थ मिळतात. दुपारी एकच्या आधी जेवायला बसावे. भुकेलेले मूल आणि रांगेतले उपाहारगृह ही जोडी टाळण्याजोगी आहे.

स्वच्छतागृहांविषयी प्रवासवर्णने सहसा बोलत नाहीत, आणि लहान मुलांच्या, विशेषतः मुलींच्या आयांना दिवसभर तीच काळजी असते. संग्रहालये, विज्ञान केंद्र आणि भुयारी मेट्रोची स्थानके येथे सोय बरी आहे. तेथून निघण्यापूर्वी, गरज असो वा नसो, मुलांना जाऊन येण्यास सांगावे. मरीन ड्राइव्हवर बसल्यावर ही आठवण होणे अडचणीचे ठरते.

परतीची डेक्कन क्वीन संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते. म्हणजे दुसऱ्या दिवशी राणीच्या बागेतून साडेबारापर्यंत बाहेर पडावे, जेवण करून सामान घ्यावे आणि साडेचारला टर्मिनस गाठावे. त्या वेळी कार्यालये सुटू लागलेली असतात. मुख्य प्रवेशद्वाराच्या गर्दीत शिरण्याऐवजी लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या फलाटांकडील बाजूने आत जावे. मुले बहुधा ठाण्याआधीच झोपतात. कर्जत आले, की मात्र त्यांना उठवावे. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना येथे मागून जादा इंजिने जोडतात. ३७ फुटांना एक फूट असा बोरघाटाचा चढ पुढच्या इंजिनाला एकट्याने झेपत नाही, म्हणून मागून रेटा द्यावा लागतो. इंजिन लागताना सबंध गाडीला बसणारा हलका धक्का आणि खिडकीशी आलेला गरम वडा, एवढे झाले की ती पुन्हा झोपायला मोकळी.